नकार नेमका कुणाचा?

के. आर. पुरमच्या केबलवर तोललेल्या पुलाखालून रेल्वेचे रूळ जातात आणि जवळूनच व्हाइटफील्डकडे जाणारी जांभळ्या मार्गावरची मेट्रो. इथे बंगळूरची दोन युगं एकमेकांना खेटून आहेत. एक दूरवाणीनगरातल्या आयटीआयचं, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचं. दुसरं व्हाइटफील्डच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं. नोकरीच्या निमित्ताने या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत ही दोन्ही युगं कधीकधी एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. निवृत्त मामांनी हयात टेलिफोन एक्सचेंजची यंत्रं तपासण्यात घालवलेली, आणि भाची रोज मेट्रोने जाऊन कोड लिहिणारी. या लेखातली जोडी अशीच एक आहे, म्हणून तिला नावं दिलेली नाहीत. वाद मात्र कुठल्याही घरात ऐकू येईल असा: लॅपटॉप चार्ज होत नाही, आता काय करायचं?

लॅपटॉप चार वर्षांचा. अडॅप्टर टाइप-सी पिनचा, ६५ वॅटचा. स्क्रीनवर प्लगचं चिन्ह मधूनच येतं, मधूनच जातं, आणि बॅटरीचा आकडा ४३ टक्क्यांवरून हळूहळू खाली चाललेला.

"बॅटरी गेली," भाचीने निकाल दिला. "आज ऑर्डर केली तर परवा येईल. चार वर्षं म्हणजे खूप झाली, मामा."

"अगं, कशावरून गेली? अडॅप्टर काढल्यावर चालतो ना?"

"चालतो की. दीड-दोन तास."

"मग बॅटरी देतेय. जी देते ती मेलेली कशी? ती घेत नाहीये, एवढंच आपल्याला कळलंय. एकतर तिच्यापर्यंत काही पोचत नाही, नाहीतर पोचतंय आणि मधे कुणीतरी अडवतंय. कोण अडवतंय ते बघायला नको?"

मामांचा हा प्रश्न लाख मोलाचा आहे. चार्ज न होणाऱ्या लॅपटॉपची तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो तो बहुतेक वेळा "बॅटरी बदलून द्या" असं म्हणतच. पण भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीतल्या सेलपर्यंत वीज सरळ वाहत जात नाही. वाटेत अडॅप्टर आहे, केबल आहे, लॅपटॉपचं पोर्ट आहे, मदरबोर्डवरची चार्जिंगची चिप आहे, आणि खुद्द बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट आहे. यातल्या प्रत्येकाला नकार देण्याचा अधिकार आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे नकाराचं काही कारण असतं.

भाचीचं म्हणणं वेगळं. "हे सगळं शोधत बसायला वेळ कुणाकडे आहे? मला उद्या सकाळी मीटिंग आहे. बॅटरी बदलली आणि सुरू झालं तर प्रश्न मिटला."

"आणि नाही झालं तर? बॅटरीचे पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि बिघाड होता तिथेच."

तिला हे पटलं नाही, पण एक तडजोड मान्य झाली. रात्रीच्या जेवणापर्यंत मामांनी हवं ते तपासावं. त्यात काही निघालं नाही तर ऑर्डर.

पहिला मुद्दा भाचीनेच निकालात काढला. आकडा ६० किंवा ८० टक्क्यांवर येऊन थांबत असेल तर त्यात बिघाड नसतोच. सतत प्लग लावून वापरणाऱ्यांसाठी कंपन्यांनी चार्जिंगला मर्यादा घालायची सोय दिलेली असते. लेनोवोत तिला कन्झर्वेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग. डेल आणि एचपीच्या यंत्रांत ती बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अॅपमध्ये सापडते. कधी ऑफिसचा आयटी विभाग ती परस्पर चालू करून ठेवतो, वापरणाऱ्याला पत्ताच नसतो, आणि "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" हे शब्द वाचून त्याच्या पोटात गोळा येतो. "पण माझा ४३ वरून खाली येतोय," ती म्हणाली. "म्हणजे मर्यादेचा प्रश्न नाही."

"मर्यादा मुळात घालायचीच कशाला?" मामांनी विचारलं. "बॅटरी पूर्ण उतरवावी, मग पूर्ण चढवावी. नवी आणली की आधी आठ तास चार्जिंगला ठेवावी. आम्ही आयुष्यभर तेच केलं."

इथे मामांची माहिती जुनी पडली, आणि भाचीने ती जागच्या जागी दुरुस्त केली. आठ तासांचा आणि पूर्ण उतरवण्याचा तो नियम निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, आणि तिचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. तिला पूर्ण रिकामं होणं सोसत नाही, आणि शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत गरम राहणं तर त्याहून सोसत नाही. ज्या रसायनशास्त्राने हे शक्य केलं त्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, पण आपल्या घरांतली बॅटरीची शहाणपणं अजून त्याआधीचीच आहेत. अधूनमधून एकदा पूर्ण उतरवून चढवण्याचा उपयोग एवढाच की बॅटरीच्या आतला मोजणारा भाग आपला अंदाज पुन्हा जुळवून घेतो. सेलचं आयुष्य त्याने वाढत नाही.

मग मामांनी मल्टिमीटर आणला.

जुन्या गोल पिनच्या अडॅप्टरला त्यांनी असंच तपासलं असतं: पिनच्या आत एक टोक, बाहेरच्या कड्याला दुसरं, आणि १९-२० व्होल्ट दिसले की अडॅप्टर बरा. डेलसारख्या काही अडॅप्टरांत मधे आणखी एक बारीक पिन असते, तीही त्यांना ठाऊक होती. त्या पिनवरून अडॅप्टर लॅपटॉपला आपली ओळख आणि आपली ताकद सांगतो. ती वाकली किंवा केबल पिनपाशी आतून तुटली की पूर्ण व्होल्टेज मिळूनही लॅपटॉप म्हणतो, हा अडॅप्टर मी ओळखत नाही. यंत्र चालतं, बॅटरी मात्र भरत नाही. दरवर्षी कितीतरी लोक केवळ या एका तुटलेल्या तारेपायी बॅटऱ्या बदलत असतील.

पण हा अडॅप्टर टाइप-सीचा. मामांनी जपून त्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावला. आकडा शून्य. पुन्हा लावला. शून्य.

"संपलं," मामा म्हणाले. "अडॅप्टर गेलाय. बॅटरीचे पैसे वाचले बघ."

"नाही मामा. टाइप-सी असा मोकळा असताना वीज सोडतच नाही."

टाइप-सीच्या पिनेत वीज वाहून नेणाऱ्या तारांखेरीज नुसत्या बोलण्यासाठी वेगळी तार असते. समोर खरोखरच वीज घेणारं यंत्र आहे असं त्या तारेवरून कळल्याशिवाय अडॅप्टर एक व्होल्टही बाहेर सोडत नाही. ओळख पटली की आधी पाच व्होल्ट. त्यानंतर दोघांची बोलणी होतात: अडॅप्टर सांगतो माझ्याकडे पाच, नऊ, पंधरा आणि वीस व्होल्ट आहेत, लॅपटॉप सांगतो मला वीस हवेत. ठरलं की वीस. या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. २० व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्यापुढे जायचं तर केबलमध्येही एक चिप लागते, जी सांगते की मी पाच अँपिअर सोसू शकते. २०२१ च्या सुधारणेनंतर पॉवर डिलिव्हरीची कमाल मर्यादा ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत गेली आहे.

"अठ्ठेचाळीस?" मामा खुलले. टेलिफोन एक्सचेंजचा अख्खा डोलारा ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालायचा. त्यांच्या हाताला तोच आकडा सवयीचा. पण तिथे वीज न मागता मिळायची, इथे तिला आधी विचारावं लागतं. वर्षानुवर्षांची सवय एका शून्याने बाजूला पडली, आणि मामांनी ते मोकळ्या मनाने घेतलं. उलट त्यांची उत्सुकता वाढली. "मग या बोलण्याच्या मधे मीटर कसा घालायचा?"

भाचीकडे त्यासाठी काही शे रुपयांना मिळणारा छोटा यूएसबी मीटर होता. एका बाजूने केबल त्यात जाते, दुसरी बाजू यंत्रात, आणि मधल्या इवल्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. वस्तू तिची असली तरी तपासणी कशी करायची ते मामांनी ठरवलं. "आधी अडॅप्टर तुझ्या फोनला लाव. मग तोच लॅपटॉपला. दोन ठिकाणी एकच माल देऊन बघायचं, म्हणजे दोष कुठल्या अंगाला आहे ते कळतं."

फोन लावला. पडद्यावर पाच दिसले आणि लगेच नऊ झाले. अडॅप्टर बोलतोय, केबल शब्द पोचवतेय. मग मीटर लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घातला. पाच. पाचवरच थांबला. पिन जरा हलवली तर शून्य, पुन्हा पाच. वीस काही येईना.

म्हणजे बॅटरीपर्यंत गोष्ट गेलेलीच नव्हती. लॅपटॉप आणि अडॅप्टर यांची बोलणीच पोर्टच्या तोंडाशी अडखळत होती, आणि पाच व्होल्टवर हा लॅपटॉप चार्ज होत नाही.

मामांनी टॉर्च मारून पोर्टमध्ये डोकावलं. आत मधे उभ्या असलेल्या पातळ जिभेच्या मागे, तळाशी, राखाडी रंगाचा दाबून बसलेला थर होता. पिशवीतली कापडाची तूस आणि रस्त्यावरची धूळ. सिल्क बोर्डहून के. आर. पुरमला येणाऱ्या निळ्या मेट्रो मार्गाचं बांधकाम आउटर रिंग रोडवर चाललेलं, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या पिशवीत काय काय शिरतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दर वेळी पिन खुपसली की हा थर आणखी आत चेपला जातो. मग पिन शेवटपर्यंत बसत नाही; बाहेरून बसल्यासारखी दिसते, एवढंच.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, अडॅप्टर काढला. भाची केसांची पिन घ्यायला निघाली तेव्हा मामांनी तिला अडवलं, आणि बरं झालं. धातूची टोकदार वस्तू त्या जिभेवरचे बारीक संपर्क वाकवते, कधी दोन संपर्क एकत्र जोडते, आणि दहा मिनिटांच्या कामाचं रूपांतर मदरबोर्डच्या दुरुस्तीत होतं. त्यांनी लाकडी टूथपिकचं टोक तासून चपटं केलं आणि कडेकडेने, वर न उचकटता, तूस ओढून काढली. सगळा मिळून डाळीच्या दाण्याएवढा गोळा निघाला. लॅपटॉप बंद असतानाच पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. यामुळे बोर्डवरच्या लहान नियंत्रकाची अडकलेली अवस्था कधीकधी सुटते, आणि करून पाहायला काही लागत नाही. मग मीटर लावला. पाच, आणि क्षणात वीस.

भाचीचा आनंद मामांच्या आनंदाहून वेगळा होता. तिला सकाळची मीटिंग सुटली नाही याचा. त्यांना दोष कुठे होता ते कळलं याचा. पण तिने गोष्ट तिथे सोडली नाही, आणि याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. विंडोज ८ पासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. तिने तो काढला. कारखान्यातून निघताना बॅटरीची क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास लिहिलेली. आता पूर्ण भरल्यावर जेमतेम ३०,०००.

"बघा," ती म्हणाली. "बॅटरी बदलायला झालीच आहे."

"झाली आहे, पण आजचा बिघाड तिचा नव्हता."

दोघंही बरोबर होते. चार वर्षांत चाळीस टक्के क्षमता जाणं ही नेहमीची झीज आहे. चार्जिंग अडणं हा वेगळा आजार. पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर करायला गेलं की पैसे जातात आणि आजार तसाच राहतो.

जेवताना वादाने नवं वळण घेतलं. मामांचं मत, बॅटरी बदलायची तर एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जावं, जुनी पेटी उघडून आतले सेल नवे घालून घ्यावेत. १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे, १८६५० नावाने ओळखले जाणारे ते दंडगोल सेल. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत सहा असायचे. एक खराब निघाला तर तेवढाच बदलायचा. सगळी पेटी का फेकायची?

भाचीने इथे ठाम विरोध केला, आणि या लेखकाचंही मत तिच्या बाजूने आहे. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये दंडगोल सेल नसतात. चकाकत्या मऊ पिशवीतले चपटे सेल असतात, आणि त्या पिशवीला टोकदार हत्यार लागणं म्हणजे घरात आग आणणं. बॅटरीच्या सर्किटची आठवणही पक्की असते. एखादा सेल ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेल्याची नोंद झाली की काही सर्किटं कायमचं कुलूप लावतात, आणि नवे सेल जोडले तरी उघडत नाहीत. हे कुलूप उगाच नसतं. खूप खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा अंश विरघळतो, पुन्हा चार्ज करताना तो आत नको तिथे साचतो, आणि आतल्या आत शॉर्ट होतो. तापमानाचंही असंच आहे. शून्याखाली किंवा साधारण ४५ अंशांवर बॅटरी चार्जिंग नाकारते, आणि ते तिने नाकारलंच पाहिजे. बंगळूरला याची आठवण क्वचित येते, पण मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी दुपारी चार्ज होईनाशी झाली तर आधी त्याला थंड होऊ द्यावं.

"नकार देणारी बॅटरी मला आवडते," भाची म्हणाली. "नकार न देणारीची भीती वाटते."

तिची भीती निराधार नाही. २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेलच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बनवताना आत धातूचे सूक्ष्म कण राहून गेले होते. २०१९ च्या जूनमध्ये अॅपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या एका जुन्या मालिकेच्या बॅटऱ्या परत मागवल्या, आणि ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते लॅपटॉप विमानात नेऊ नयेत अशी सूचना प्रवाशांना दिली. कामानिमित्त केम्पेगौडा विमानतळावरून उडणाऱ्या कितीजणांच्या पाठीवर तेव्हा ती यंत्रं होती, कोण जाणे.

तिसरं उदाहरण मात्र दोघांना पुन्हा समोरासमोर आणणारं. २०१८ च्या जानेवारीत एचपीने सुमारे ५०,००० बॅटऱ्या परत मागवल्या. त्या यंत्राच्या आत बसवलेल्या होत्या, ग्राहकाने स्वतः काढायच्या नव्हत्या. म्हणून कंपनीने बायोसची सुधारित आवृत्ती दिली. ती घातली की बॅटरी सुरक्षा अवस्थेत जाते, उतरते, आणि बदलेपर्यंत चार्ज होत नाही. लॅपटॉप अडॅप्टरवर चालत राहतो.

"म्हणजे माझ्या यंत्राची बॅटरी कंपनीने दुरून बंद करायची?" मामांचा आवाज चढला. "आणि मी ती काढूही शकत नाही, कारण ती आत चिकटवलेली! पूर्वी मागची खिट्टी सरकवली की बॅटरी हातात यायची. ती काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवून बघायचं. अर्धी तपासणी तिथेच व्हायची."

"दुरून नाही, बायोस आपणच घालायचा. आणि आग लागण्यापेक्षा ते परवडलं."

"परवडलं. पण खिट्टी असती तर त्याची गरजच पडली नसती."

या मुद्द्यावर मामांच्या बाजूला आता कायदाही येऊ लागला आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे २०२७ च्या फेब्रुवारीपासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, मोजके अपवाद सोडून. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची पुस्तिका, सुट्या भागांची माहिती आणि हमीच्या अटी एका जागी मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. लॅपटॉपसारखी वस्तू, जिच्यावर घरातल्या मुलाचं शिक्षण आणि मोठ्याची नोकरी दोन्ही चालतात, तिची बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने बदलता यावी ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

बॅटरी ऑर्डर झाली ती पुढच्या महिन्याच्या पगारावर, अधिकृत सेवा केंद्रातून. एस. पी. रोडवरच्या दुकानात तीच बॅटरी स्वस्त मिळत होती. भाचीने तिथे जायला नकार दिला नाही, एक अट घातली: लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आणि तो ब्युरोच्या संकेतस्थळावर शोधल्यावर खरा निघाला पाहिजे. मामांनी दाखवलेल्या पहिल्या बॅटरीवर नुसतंच "ओरिजिनल क्वालिटी" छापलेलं होतं. त्यांनी ती स्वतःच परत ठेवली.

जुनी बॅटरी निघाली तेव्हा फुगलेली नव्हती. फुगली असती तर आधी टचपॅड घट्ट झालं असतं, किंवा खालच्या झाकणाची फट उघडी पडली असती. तसं काही दिसलं की चार्जिंग तिथेच थांबवायचं आणि कुठलीच तपासणी करत बसायचं नाही, यावर दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. मामांना ती प्रयोगासाठी माळ्यावर हवी होती. २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून तिच्यातले धातू परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, हे भाचीने त्यांना वाचून दाखवलं. जुनी बॅटरी जमा करून सेवा केंद्रातल्या मुलीने पावती दिली, आणि मामांनी तिला विचारलं की या मॉडेलचं टाइप-सी पोर्ट वेगळं बदलता येतं, की अख्खा बोर्ड बदलावा लागतो.